परिपाठातला दिनविशेष आणि हरवलेला ‘कशावरून?’

जूनमध्ये शाळा भरल्या की परिपाठाचा वाद पुन्हा डोकं वर काढतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका यांबद्दल फारसं कुणाचं म्हणणं नसतं. भांडण असतं ते त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांवरून: सुविचार, एखादी म्हण आणि तिचा अर्थ, आजचा दिनविशेष, सामान्यज्ञानाचे पाच प्रश्न. एक बाजू म्हणते, ही निव्वळ पोपटपंची आहे. मुलांना धड वाचता येत नाही, हातच्याची वजाबाकी येत नाही आणि आपण त्यांच्याकडून कुठल्या देशाची राजधानी कोणती हे घोकून घेतो, तेव्हा हे बंद करा. दुसरी बाजू म्हणते, यातूनच संस्कार होतात, यातूनच पुढच्या स्पर्धा परीक्षांचा पाया रचला जातो, आमची अख्खी पिढी यावर वाढली, तेव्हा याला हात लावू नका. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघंही एकच गोष्ट गृहीत धरतात: माहितीच्या या छोट्या तुकड्याचं काम म्हणजे डोक्यात जाऊन बसणं. तो बसतो की नाही, बसून उपयोग होतो की नाही, एवढ्यावरच सगळी हुज्जत. मला हे गृहीतच चुकीचं वाटतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. रोजची एक तारीख, रोजचा एक शब्द, रोजचा एक प्रश्न शाळेत राहिलाच पाहिजे. मात्र आज तो ज्या रूपात आहे, त्या रूपात राहून काही साधणार नाही. माहिती छोटी आहे हा दोष नाही. तिला ‘कशावरून?’ असं विचारायची सोय आपण काढून टाकली आहे, हा दोष आहे. ती सोय परत आणली तर परिपाठातली ती दहा मिनिटं शाळेतल्या कुठल्याही तासाइतकी मोलाची ठरतील.

सध्या हे कसं चालतं ते जरा जवळून पाहू. आदल्या रात्री शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर उद्याच्या परिपाठाची आयती पीडीएफ येते. वर वार, तिथी, सूर्योदय-सूर्यास्त. खाली सुविचार, म्हण, इंग्रजी शब्द. मग ‘घटना’, ‘जन्म’, ‘मृत्यू’ अशा मथळ्यांखाली ओळींमागून ओळी. सकाळी ज्या वर्गाची पाळी असेल त्या वर्गातलं एखादं खणखणीत वाचणारं मूल त्या ओळी वहीत उतरवून घेतं आणि माइकपुढे उभं राहून एका दमात म्हणून टाकतं. परदेशी नावावर अडखळतं, सावरतं, पुढे जातं. समोर रांगेत बसलेली मुलं हाताची घडी घालून ऐकत असतात, किंवा ऐकत नसतात. प्रश्नही तेच मूल वाचतं, उत्तरही तेच. कुणी मध्येच हात वर करून ‘बाई, पण हे कुणी सांगितलं?’ असं विचारत नाही, कारण तशी पद्धतच नाही. आणि विचारलंच, तर बाईंकडे तरी काय उत्तर असणार? पीडीएफ कुणी तयार केली, कुठून उचलली, त्यांनाही माहीत नसतं.

यात मी शिक्षकांना दोष देत नाही. चार वर्ग सांभाळणारे दोन शिक्षक, त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन भरायच्या माहितीचे तक्ते, निवडणुकीची कामं. अशा माणसाने रोज रात्री संदर्भग्रंथ उघडून दिनविशेष शोधावा ही अपेक्षाच निर्दयी आहे. आयता परिपाठ ही त्यांची गरज आहे, आणि ज्यांनी तो सुरू केला त्यांनी सहकाऱ्यांचा भार हलका करायच्या भल्या हेतूनेच केला. पण हेतू चांगला म्हणून परिणाम चांगलाच होतो असं नाही. शेकडो शाळांत एकाच सकाळी एकच ओळ वाचली जाते आणि ती चुकीची असली तर शेकडो शाळांत एकाच सकाळी चुकते.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. ते म्हणतात, तुकड्यांची बेरीज म्हणजे ज्ञान नव्हे. बरोबर आहे. हे मराठीत ज्यांनी आधीच ओळखलं होतं, त्यांत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड त्यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात काढले, पण अकारविल्हे नोंदींना थेट हात घातला नाही. आधी पाच प्रस्तावनाखंड लिहिले: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानाचा इतिहास. ‘अ’पासून सुरू होणाऱ्या सुट्या नोंदी वाचकाच्या हाती देण्याआधी त्या कुठे ठेवायच्या याचा नकाशा त्याला द्यायला हवा, अशी ही मांडणी आहे. आणि हे कुणी केलं? ज्या माणसाने आयुष्याची उमेद सुट्या नोंदींच्या कोशात घातली, त्याने. सुटी नोंद निरुपयोगी आहे असं त्यांना वाटत असतं तर पुढचे खंड झालेच नसते. तुकड्याला संदर्भ लागतो, हे केतकरांच्या कामावरून शिकायचं. तुकडा नकोच, हे त्यातून निघत नाही.

शिवाय संदर्भ आधी आणि तुकडा नंतर असाच क्रम असतो का? मुलांच्या बाबतीत तो पुष्कळदा उलटा असतो. एक ओळ घ्या, जी दर वर्षी परिपाठात वाचली जाते: ‘१० मार्च १८९७, सावित्रीबाई फुले यांचे निधन.’ ओळ संपली, पुढची घ्या. पण इथेच थांबून एखाद्याने विचारलं की कशाने गेल्या, तर उत्तर येतं प्लेगने. प्लेग त्यांना कसा झाला? पुण्यात साथ होती, त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत रुग्णांवर उपचार करत होते आणि सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथे आणत होत्या, त्यांची सेवा करत होत्या. साथ आली कुठून? मुंबईहून. तिथे १८९६ मध्ये मांडवी भागात या रोगाचं निदान पहिल्यांदा केलं ते डॉ. अकासिओ व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. त्याच मुंबईत १८९७च्या जानेवारीत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून पाहिली; परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा आला. त्याच पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात घरांत शिरून झालेल्या जुलमाचा संताप साचला आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. आणि तो १८९७चा कायदा? मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा महाराष्ट्रात तोच लागू केला गेला. आज सातवी-आठवीत असलेल्या मुलांना ती टाळेबंदी आठवते. परिपाठाच्या ओळीत हे काहीही नाही. पण त्या ओळीवाचून या वाटेला सुरुवात तरी कुठून होणार होती? इतिहासाच्या पुस्तकात सावित्रीबाई एका धड्यात, चापेकर दुसऱ्या धड्यात, साथीचे रोग विज्ञानाच्या पुस्तकात. तीनही एकाच शहरात एकाच वर्षी भेटतात, हे दाखवायची ताकद त्या तारखेत आहे. म्हणून १० मार्चला पंचवीस ओळी नकोत. हीच एक ओळ हवी, आणि तिच्यापुढे ‘कशाने?’ हा प्रश्न.

दुसरा आक्षेप हल्लीचा आहे आणि तो अनेक सुशिक्षित पालकही घेतात. सगळं मोबाइलवर मिळतं. बोललं तरी उत्तर येतं. मग तारखा आणि नावं डोक्यात ठेवायची कशाला? यातलं खरं तेवढं मान्य करू. पूर्वी ज्या माहितीसाठी तालुक्याच्या वाचनालयात जावं लागे, ती आज गावातल्या शेवटच्या घरात पोहोचली आहे, आणि हे मोठंच काम झालं आहे. पण शोधायला कोण जातो? ज्याला शंका येते तो. आणि शंका कुणाला येते? ज्याच्याजवळ आधीची काहीतरी पुंजी असते त्याला. दर वर्षी फेब्रुवारीत एक संदेश फिरतो: १४ फेब्रुवारीला तुम्ही प्रेमाचा दिवस साजरा करता, पण याच दिवशी भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी दिली होती हे विसरता. वाचणाऱ्याला अपराधी वाटतं आणि तो पुढे पाठवतो. खरं काय आहे? फाशी झाली २३ मार्च १९३१ रोजी, लाहोरला. शिक्षा सुनावली गेली ७ ऑक्टोबर १९३०ला. १४ फेब्रुवारीचा या दोन्हींशी संबंध नाही. ज्या मुलाच्या डोक्यात २३ मार्च हा शहीद दिन म्हणून पक्का बसलेला आहे, त्याला हा संदेश वाचताक्षणी खटकतो. ज्याच्या डोक्यात काहीच नाही, त्याच्या हातात जगातला सर्वांत हुशार मोबाइल असून उपयोग नाही, कारण तपासून पाहावं असं त्याला वाटतच नाही. पुणे जिल्ह्यातल्या ज्या खेड गावाचं नाव राजगुरूंवरून राजगुरुनगर झालं, तिथल्याही फोनवर हा संदेश पोहोचत असणार. तिथे तो अडवायचा तर कुणाच्या तरी डोक्यात खरी तारीख असावीच लागेल.

इथे विरोधक लगेच म्हणतील: म्हणजे चुकीची माहिती पसरते हे तुम्हीही मानता, आणि ती पसरते याच दिनविशेषांच्या, सामान्यज्ञानाच्या वेषात. हो, मानतो. ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवलं, ही थाप वर्षानुवर्षं अभिमानाने सांगितली गेली, युनेस्कोने असं काही केलेलं नाही. ‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ याचं उत्तर ‘हॉकी’ असं आजही वाचलं जातं. कुठलाही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही, हे क्रीडा मंत्रालयाने माहिती अधिकारातल्या अर्जावर २०१२ मध्येच सांगितलं. २७ फेब्रुवारीच्या फलकांवर ‘राजभाषा दिन’ असं झळकतं; तो कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी साजरा होणारा मराठी भाषा गौरव दिन आहे, राजभाषा दिन १ मेचा. पण म्हणून दिनविशेषच बंद करावा? चुकीची माहिती शाळेतल्या माइकची वाट पाहत थांबत नाही. ती घरी येते, आजोबांच्या फोनवर येते, लग्नाच्या पंगतीत येते. शाळेने आपली दहा मिनिटं सोडून दिली, तर ती तपासायला शिकवणारी एकमेव जागा जाईल आणि खोट्याला मैदान मोकळं मिळेल.

आणि तपासणं म्हणजे काय, हे शिकवायला आपल्याकडे एक अस्सल उदाहरण आहे. १९ फेब्रुवारी प्रत्येक शाळेत साजरा होतो. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३०, शिवनेरी. ही ओळ महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारली तरी येते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही तारीख मान्य नव्हती. तेव्हा बखरींच्या आधारे शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ. स. १६२७, असं मानत. मग काय घडलं? भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली जपून ठेवलेली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी १९१६ मध्ये ती प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे तरी काय? सालवार, तिथीवार टिपलेल्या छोट्या छोट्या नोंदी. अमुक शकात, अमुक तिथीला, अमुक घडलं. ना वर्णन, ना अलंकार. आपल्या दिनविशेषाचं थेट पूर्वरूपच. तिच्यात महाराजांच्या जन्माची नोंद होती: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, आणि पुढे घटी-पळांसकट वेळ.

एका ओळीने मोठमोठ्या बखरी मागे सारल्या. का? ओळ छोटी होती म्हणून नव्हे, जुनी होती एवढ्यावरूनही नव्हे. ती तपासता येत होती म्हणून. तिथी, वार आणि नक्षत्र एकमेकांशी जुळतात का, हे गणिताने काढता येतं, आणि ते जुळतात. पुढे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन काव्यात तीच तिथी मिळाली. राजस्थानात सापडलेल्या एका जन्मकुंडलीनेही तिला दुजोरा दिला. तीन ठिकाणचे, एकमेकांशी संबंध नसलेले पुरावे एकाच दिवसावर येऊन थांबले, तेव्हा अभ्यासकांनी मत बदललं आणि नंतर राज्य शासनानेही हीच तारीख स्वीकारली. त्यातही आणखी एक पदर आहे. १९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्युलियन पद्धतीची तारीख. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. दोन्ही पद्धतींत वार मात्र शुक्रवारच, शकावलीत लिहिलाय तोच. नववीतल्या मुलाला लीप वर्षाचे नियम माहीत असतात. १६३०चा तो वार त्याला वहीत मांडून काढता येतो. माइकवरून तारीख ऐकण्यात आणि तो वार स्वतः काढून, शकावली लिहिणाऱ्या कुणा अनाम कारकुनाने शुक्रवारच लिहिलाय हे पाहण्यात किती अंतर आहे! दुसऱ्या प्रकारे ज्याने ती तारीख मिळवली, त्याच्याशी तिथी की तारीख यावर कुणी भांडू लागलं तर तो घोषणा देणार नाही. तो कागद मागेल.

माहिती छोटी असणं आपल्या परंपरेत कधीच कमीपणाचं नव्हतं. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’, छोट्या छोट्या लीळांचाच तर बनलेला आहे. काही लीळा चार-सहा ओळींच्या. म्हाइंभटांनी त्या आपल्या मनाने रचल्या नाहीत. चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे जाऊन, प्रसंग कुणी पाहिला, कुणी ऐकला, हे विचारत गोळा केल्या. एकोणिसाव्या शतकात बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ला ‘दर्पण’ काढलं आणि १८४०मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केलं, तेव्हा शाळेचं तोंडही न पाहिलेल्या वाचकापर्यंत भूगोल, इतिहास, विज्ञान पोहोचवायचं तर ते थोडं थोडं, अंकाअंकातून द्यावं लागेल हे त्यांना कळलेलं होतं. तेव्हाच्या कुणी त्यांना म्हटलं असतं की बाळशास्त्री, हे तुकडे कशाला, एकदम विद्यापीठच काढा, तर? मुंबई विद्यापीठ निघायला १८५७ उजाडलं. बाळशास्त्री १८४६मध्येच, ऐन तरुणपणी गेले होते. वाचक थांबला नाही, तो त्या तुकड्यांवर तयार झाला.

मग स्पर्धा परीक्षांचं काय? इथे मला परिपाठाच्या समर्थकांशी जास्त भांडायचं आहे. ‘आत्तापासून सामान्यज्ञान पाठ केलं तर पुढे एमपीएससीला उपयोगी पडेल’ हा युक्तिवाद पालकांना लगेच पटतो, आणि खेड्यापाड्यांतल्या हुशार मुलांसाठी या परीक्षा म्हणजे घर वर काढायची खरी वाट आहे, हेही मी विसरत नाही. त्या वाटेची चेष्टा करणाऱ्यांचा मला रागच येतो. पण या परीक्षांच्या नावाखाली आपण सात-आठ वर्षांच्या मुलांना माहितीची जी सवय लावतो, ती चार पर्यायांतून एक निवडायची सवय आहे. ‘मराठीतला पहिला शिलालेख कोणता?’ हा प्रश्न घ्या. बरीच वर्षं उत्तर होतं श्रवणबेळगोळ. गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’. मग अलिबागजवळच्या अक्षी गावातला शिलालेख पुढे आला. त्यावरचं वर्ष शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असं वाचलं गेलं आणि उत्तरपत्रिका बदलली. श्रवणबेळगोळची ती ओळ मूर्तीच्या काळातली की नंतरची, यावर वाद. अक्षीच्या वर्षाच्या वाचनावरही अभ्यासकांत वाद. म्हणजे मुलाने पाठ केलेलं उत्तर एका पिढीत खरं, दुसऱ्या पिढीत चूक, आणि तिसऱ्या पिढीत कदाचित तिसरंच. ज्याने फक्त उत्तर पाठ केलं, त्याचं हे सगळं वाया. ज्याला एवढं कळलं की दगडावरचं अक्षर झिजतं, आकडा दोन प्रकारे वाचता येतो, म्हणून विद्वानांत मतभेद होतात, त्याच्याकडे कुठल्याही नव्या उत्तरपत्रिकेला पुरेल एवढी समज आली. परीक्षेतही तोच टिकेल, कारण पाठांतर शेकडो मुलं करतात. आणि समर्थकांना मला हेही विचारायचं आहे: रोज पंचवीस ओळी वाचून ज्या मुलाला त्याच दिवशी दुपारी त्यांतल्या दोनही आठवत नाहीत, त्याच्यावर कुठला पाया रचला गेला? भाताचं बी मुठीने पेरलं म्हणून पीक दुप्पट येत नाही.

भाषेच्या बाबतीतही असंच. ‘आजची म्हण’ आणि ‘आजचा शब्द’ यांत अर्थ सांगून विषय संपवतात. पण पोर्तुगीजांबरोबर आलेल्या शब्दांची ओळ फळ्यावर लिहिली, बटाटा, पाव, चावी, पगार, आणि बटाट्यापाशी थांबलो, तर? बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणाही तिकडचा. मिरची अमेरिका खंडातली. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो, तोही तिकडचाच, आणि आज तो येतो मुख्यतः तामिळनाडूतल्या सेलम भागातून. म्हणजे एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीतले हे चारही जिन्नस ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्रात नव्हते. आषाढी एकादशीच्या आधीच्या आठवड्यात हे सांगून पाहा आणि मुलांना घरी विचारायला लावा की मग तेव्हा उपवासाला काय खात असतील. आजी, शेजारच्या काकू, गावातले भजनी मंडळाचे म्हातारेकोतारे, सगळे कामाला लागतील. कुणी वरी म्हणेल, कुणी शिंगाडा, कुणी फळं. सगळी उत्तरं बरोबर येणार नाहीत. पण प्रश्न घरोघर गेला, हे त्या पीडीएफला जमणार आहे का?

‘मुलांना वाचताच येत नाही, आधी ते बघा’ या आक्षेपापुढे मात्र मी मान तुकवतो. तो खरा आहे आणि दुखरा आहे. फक्त एवढंच म्हणतो की ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याला परिपाठात माइक कधीच मिळत नाही. तो नेहमी त्या खणखणीत वाचणाऱ्या मुलालाच मिळतो. पंचवीस ओळींऐवजी एकच ओळ असेल, आणि ती दोन-तीन मुलांनी मिळून आदल्या दिवशी शोधलेली, स्वतः लिहिलेली असेल, तर अडखळणारं मूलही ती वाचू शकतं. आपण शोधलेलं वाक्य माणूस अडखळतही वाचतो, आवडीने वाचतो. वाचन शिकवायला याहून चांगला मजकूर कुठून आणणार?

आणि शोधायला फार लांब जायला नको. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड आता इंटरनेटवर मोफत आहेत. शिक्षकाच्या फोनवर नोंद उघडून मुलांना दाखवता येते. पण त्याहून जवळचं साधन शाळेच्या कपाटातच आहे: जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि जन्मतारखांची नोंदवही. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जून आहे. आजोबा १ जून, शेजारचे तात्या १ जून, सरपंच १ जून. जन्माची नोंद नव्हती, शाळेत घालताना गुरुजींनी वय जुळवायला १ जून लिहिलं आणि तीच तारीख दाखल्यावर, नोकरीत, निवृत्तीत, आधार कार्डावर चढत गेली. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात शाळा भरली की सगळ्या मुलांना घरी विचारून यायला सांगावं: आजोबांचा, आजीचा खरा जन्म कधीचा? ‘मोठा दुष्काळ पडला त्या साली’, ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी रांगत होतो’, ‘पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी’ अशी उत्तरं येतात. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला. मूल वजाबाकी करतं, सरकारी कागदावरची तारीख आणि आजोबांची आठवण शेजारी शेजारी ठेवतं, आणि कागदावर लिहिलंय म्हणजे खरंच असं नसतं, हे त्याला आठव्या वर्षी कळतं. आठवणही चुकू शकते, हेही त्याच बैठकीत कळतं. जेधे शकावली आणि बखर यांच्यातला झगडा त्याला पुढे नववीत समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे आणि तिच्यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. परिपाठात रोज एकच गोष्ट असावी. तारीख, शब्द किंवा प्रश्न, यांपैकी एक. ती त्या आठवड्याच्या गटातल्या मुलांनी आणावी. वाचताना ‘हे आम्हाला अमुक पुस्तकात, अमुक माणसाकडून, अमुक दगडावर मिळालं’ हे वाक्य तिला जोडलेलं असावं, आणि ते नसेल तर ती त्या दिवशी वाचू नये. आठवड्यातला एक दिवस गावासाठी राखून ठेवावा: देवळाच्या पायरीवरचं कोरीव साल, विहिरीवरचं नाव, वेशीजवळची वीरगळ, शाळेची इमारत कधी आणि कुणाच्या वर्गणीतून उभी राहिली ते. समोर बसलेल्यांपैकी कुणालाही हात वर करून ‘कशावरून?’ विचारायची मुभा असावी, शिक्षकांनाही विचारायची. आणि सांगितलेलं चुकीचं निघालं, तर कुणी रागावू नये, हसू नये. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांनी त्याच माइकवरून दुरुस्ती वाचावी, आणि ती का करावी लागली तेही सांगावं.